मत्स्यालय धुऊ नका!

एरवी स्वच्छतेचे धडे देणारा शिक्षकच ‘धुऊ नका’ म्हणतो, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण माझे हे मत एका अनुभवावरून बनले आहे.

जव्हार तालुक्यातील एका शाळेत काचेच्या टाकीत बारा मासे होते. 26 जानेवारीला पाहुणे येणार म्हणून मुलांनी आदल्या दिवशी मासे बादलीत काढले, सारे पाणी ओतून दिले, तळाची वाळू आणि गाळणीचा स्पंज धुण्याच्या सोड्याने चोळून काढला, खळखळून धुतला आणि विहिरीचे ताजे पाणी भरले. पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केले. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. आठवडाभरात नऊ मासे मेले. मुले मला म्हणाली, “सर, पाणी तर आरशासारखे होते!”

चूक नेमकी इथेच आहे. पाणी नितळ दिसणे वेगळे आणि ते माशांना मानवणे वेगळे. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजले की त्यात आणखी भर पडते. अमोनिया पाण्यात विरघळतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना तो विषच आहे. वाळूवर आणि स्पंजवर जो बुळबुळीत थर बसतो, त्यातील जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट मात्र मासे बऱ्याच प्रमाणात सहन करतात. मुलांनी ‘घाण’ म्हणून धुऊन टाकले ते हे जीवाणूच! ते पुन्हा पुरेसे वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचतच राहतो.

या शोधाची कथा गमतीची आहे. 1850 साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाण्याचा समतोल कसा राखता येतो ते दाखवले. पुढे त्यांच्याच नावाच्या मुलाने, रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात, अमोनियाचे नायट्रेट दोन टप्प्यांत होते आणि त्या टप्प्यांमागे वेगवेगळे जीवाणू असतात, हे शोधून काढले. 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ते जीवाणू वेगळे केले. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीवाणूही असतो, हे कळायला मात्र 2015 साल उजाडले. बापाच्या टाकीतील कोड्याचा एक धागा असा मुलाच्या हाती लागला.

मग साफसफाई करायचीच नाही का? करायची, पण थोडीथोडी आणि नियमाने. का, ते गणिताने पाहू. समजा, दर आठवड्याला टाकीत 10 एकक नायट्रेट तयार होते आणि तुम्ही दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलता. साठा वाढत वाढत 40 एककांजवळ जाईल आणि तिथेच थांबेल. कारण 40 चा चौथा भाग 10, म्हणजे जेवढे तयार होते तेवढेच बाहेर जाते. उलट, वाफ होऊन घटलेल्या पाण्याची नुसती भर घालत राहिलात, तर साठा वर्षाला 520 एककांपर्यंत चढेल. वाफ एकटी उडून जाते, क्षार मागेच राहतात!

कृती सोपी आहे. लांब नळी पाण्याने भरून तिचे एक टोक टाकीच्या तळाशी धरा व दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत सोडा. पातळीतील फरकामुळे पाणी तळाचा गाळ घेऊन आपोआप वाहू लागेल. तोंडाने ओढू नका. स्पंज धुवायचा तर याच काढलेल्या पाण्यात पिळा. साबण, सोडा वर्ज्य. नवे पाणी टीसीएल टाकलेले असेल, तर पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल, आणि पाण्याचे तपमानही टाकीइतके होईल. अन्न दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घाला.

आता खरा प्रश्न. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. पण तो कातळावरून, उतारावरून वाहून जातो आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी माशांचे लाड कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे: 60 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि 25 सेंटिमीटर खोल पाण्याच्या टाकीत 45 लिटर पाणी मावते. चतुर्थांश म्हणजे सुमारे 11 लिटर, हंडाभरही नाही. चार आठवड्यांत 45 लिटर, म्हणजे महिन्यातून एकदा टाकी रिकामी करायला लागते तेवढेच. शिवाय वाळू-काच खळखळून धुण्याचे पाणी वाचते. काढलेले पाणीही वाया जात नाही. त्यातील नायट्रेट हे पिकांचे खत आहे. ते परसातल्या मिरचीला, वांग्याला घाला.

मात्र माझी एक अट आहे. मासे तुमचे, तर हंडाही तुमचाच! हौस मुलाची आणि विहिरीवर खेप बहिणीची, हे मला मान्य नाही. उन्हाळ्यात आपल्याला तेवढे पाणी स्वतः आणणे जमणार नसेल, तर टाकी न ठेवण्यात कमीपणा नाही. पहिल्या पावसात ओढ्याच्या प्रवाहाविरुद्ध चढणारे वलगणीचे मासे पाहायला मिळतातच. त्यांचे निरीक्षण करायला काच लागत नाही.

ठेवलीत, तर शेजारी एक वही ठेवा: तारीख, तपमान, किती पाणी बदलले, मासे कसे वागले. शिक्षकांनीही तपासणीच्या दिवशी काचेची चकाकी पाहू नये, ही वही पाहावी. पाहुण्यांसाठी वर्षातून एकदा केलेल्या झगझगाटापेक्षा दर रविवारची पंधरा मिनिटे मोलाची, हे एवढे जरी टाकीने शिकवले, तरी तिचे पाणी सार्थकी लागले.