छापील लाकडाची जमीन

आमच्या वणीत हल्ली नवे घर उभे राहिले की वास्तुशांतीच्या पाहुण्यांना देव्हाऱ्याआधी जमीन दाखवितात. “वुडन फ्लोअरिंग केलंय,” असे यजमान सांगतात आणि पाहुणे चपला आणखी दोन हात दूर काढतात. या थाटाविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि तेही दिवाळीतच. कारण असल्या जमिनीची जितकी परीक्षा हा सण घेतो तितकी दुसरा कोणताही घेत नसेल.

जे लाकूड म्हणून मिरविले जाते ते बहुतेक घरांत लाकडाची फळी नसतेच. लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेली आठ किंवा बारा मिलिमीटर जाडीची पाटी, तिच्यावर सागाच्या रेषा छापलेला कागद आणि त्यावर मेलामाइनचा पारदर्शक थर, असा हा ऐवज आहे. पर्स्टॉर्प या स्वीडनच्या कंपनीने १९७७ साली ही युक्ती काढली. थंड देशाला ती शोभते. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध सुतारांनी तो तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि परत देत म्हटले, “गुरुजी, हे लाकूड नाही जी, लाकडाचा फोटू आहे.”

आता हा फोटो वणीत आणून पाहा. इकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. दुपारी जेवण झाल्यावर आपल्याकडची आजी चटई बाजूला सारून उघड्या फरशीवर पाठ टेकते. तिला कोणी पदार्थविज्ञान शिकविलेले नसते. दगड अंगातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो, लाकूड ती ओढून घेत नाही. म्हणूनच बर्फाच्या मुलखात लाकूड पायाला ऊबदार लागते. आमच्या पायांना वर्षातले किती दिवस ऊब हवी असते? पुसात आणि माघात एक सतरंजी पुरते.

पावसाळ्याची गोष्ट तर विचारूच नका. लाकडाचा अंश असलेली वस्तू दमट हवेत फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून जाणता कारागीर भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर फट ठेवतो, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरतो, आणि पाट्यांचे गठ्ठे दोन दिवस त्याच खोलीत तसेच ठेवतो. घाईचा कारागीर यातले काही करीत नाही. मग श्रावणात बैठकीच्या मध्यभागी उंटाची पाठ उभी राहते आणि दुकानदार म्हणतो, हवामानाला आम्ही काय करणार! त्यातून आपली काळी जमीन. ती पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळते, जोत्याखालून ओल वर चढविते आणि ओलीच्या मागोमाग वाळवी येते. अस्सल सागाचे गाभ्याचे लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही. दाबलेला भुसा म्हणजे तिला पंगतीचे ताट.

आणि दिवाळी? आपण घर काढतो ते बादल्यांनी पाणी ओतून, खराट्याने घासून. नरकचतुर्दशीला पोरे अभ्यंगस्नान करून ओल्या पायांनी घरभर धावतात. छापील जमिनीच्या सांध्यांत पाणी मुरले की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत बसत नाहीत. मग घरची माउली सणाच्या दिवशी पोछा पिळून पिळून नातवंडांच्या मागे फिरते. जमीन माणसांसाठी की माणसे जमिनीसाठी, असा प्रश्न त्या घरात विचारण्याची सोय नसते. हप्ते चालू असतात.

माझा खरा राग मात्र निराळाच आहे. शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग म्हणजे देशाने नाव घ्यावे असा. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी तो वाजतगाजत गेला. आमच्या जुन्या वाड्यांतून हाच जातिवंत साग कडीपाटाच्या रूपाने डोक्यावर होता: खाली कड्या, वर फळ्या, त्यांवर मातीचा थर, आणि तीच माडीची जमीन. लाकडाची जमीन आपल्याला कोणी परदेशातून शिकवायला नको होती. ती आपण माडीवर, ओलीपासून दूर घातली आणि खाली दगड किंवा सारवण ठेवले. आता वाडा पाडतात, त्या कड्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला वजनावारी देऊन टाकतात, आणि आलेल्या पैशांतून सागाचे चित्र विकत घेतात! आजोबा विकून आजोबांची तसबीर घेण्याचा हा सौदा मला तरी समजत नाही.

ज्यांना लाकूडच हवे त्यांच्याशी माझे भांडण नाही. वाड्याच्या फळ्या रंधून घ्या, वरच्या मजल्यावरच्या निजण्याच्या खोलीत घाला, आणि खाली शहाबादी किंवा कोटा फरशी राहू द्या. तरीही छापील पाटीचाच मोह सुटत नसेल, तर इसार देण्याआधी दुकानदाराकडून वीतभर नमुना मागून आणा, रात्री पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, आणि सकाळी तो घेऊन त्याच दुकानात जा.