कंपनी गेली अमेरिकेला, गाडी राहिली वेळापुरात

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. गाडीबद्दल आहे म्हणून वर सरकवू नका, शेवटी हा विषय पुढाऱ्यांच्याच दारात जाणार आहे.

गेल्या महिन्यात अकलूजच्या एका गॅरेजमध्ये दोन तास बसून होतो. आमचा एक मित्र आहे वेळापूरकडचा, ऊस वाहतुकीचा ठेका घेतो. त्यानं तीन वर्षांपूर्वी एक मोठी डिझेल गाडी घेतली, अमेरिकन कंपनीची, तिसऱ्या हाताची. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये त्याच कंपनीवर भांडणं लागतील. गाडी मात्र जबरदस्त. अ‍ॅक्सिलेटर दाबला की माणूस सीटला चिकटतो. मीटर झालं होतं २ लाख ९० हजार. सकाळी चालू केली की निळा धूर, ऑइलचं टोपण उघडलं की आतून फुसफुस, आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल गायब.

शोरूमवाल्यानं इंजिन उघडलंसुद्धा नाही. थेट सांगितलं, इंजिन बदला, आठ लाखांच्या पुढं जाईल. गाडीची बाजारातली किंमत सहा. वर सल्ला फुकट, "साहेब, विकून टाका."

अकलूजच्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं. हेड उतरवलं, गेज आत घालून मापं घेतली. तिसऱ्या सिलेंडरला ओरखडे, रिंगा चिकटलेल्या, बेअरिंगचा पत्रा घासून तांबं दिसायला लागलेलं. क्रँक मात्र शाबूत, नुसत्या पॉलिशवर भागलं. बोअर मारायचा तर मोठ्या मापाचे पिस्टन पाहिजेत, ते कुठं मिळेनात. मग त्यानं ब्लॉक लेथवाल्याकडं नेला, चारी सिलेंडरला लायनर ठोकून घेतले आणि बोअर परत मूळ मापावर आणला. जे काम शोरूमच्या यादीतच नाही, ते आमच्या तालुक्यात झालं.

आता इथं मित्रालाही दोन शब्द सुनावतो. ऑइल बदलायची तारीख आली की "हा सीझन जाऊ दे" म्हणत त्यानं दोन-दोन सीझन ओढले. ती चूक त्याचीच. त्याचं खापर कुणावर फोडत नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. हेडचे बोल्ट असतात ना, या नव्या इंजिनात ते एकदाच वापरायचे असतात. आवळताना ताणले जातात, परत चालत नाहीत. आणि किती आवळायचे, त्यानंतर किती अंश फिरवायचे, याचा आकडा असतो. आकडा चुकला की गॅसकेट जाते आणि दोन लाखांचं काम पाण्यात. हा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. पुस्तक मिस्त्रीला मिळत नाही. त्यानं तो कुठल्यातरी परदेशी माणसानं टाकलेल्या फोटोवरून मिळवला, अर्धं पान दिसत होतं, अर्ध्यावर अंगठा. पिस्टन आणि रिंगा परदेशातून कुरिअरनं आल्या, ड्युटी भरून. त्यात पाच आठवडे गेले.

इंजिन बांधून झालं. इंजेक्टर नवे टाकले. आणि गाडी नीट चालेना. कारण प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो, तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो. सांगायचं सॉफ्टवेअर कंपनीचं. शोरूमला फोन केला तर उत्तर आलं, "बाहेर उघडलेल्या इंजिनला आम्ही हात लावत नाही."

मिस्त्री मला म्हणाला, "पत्रकारसाहेब, लोखंडाचं काम माझं, ते मी केलं. हे कुलूप आहे. कुलपाची किल्ली माझ्याकडं नाही."

शेवटी पुण्यावरून एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. वीस मिनिटांत काम झालं. ते सॉफ्टवेअर त्याच्याकडं कुठून आलं, मी विचारलं नाही. माझ्या मित्राची गाडी त्याच्या नावावर, आरसी त्याच्या नावावर, पैसे त्याचे, आणि तिचं इंजिन चालू करायला त्याला चोरासारखा रस्ता शोधावा लागला. माझं भांडण इथं आहे.

कुणी म्हणेल, एका गाडीवरून एवढं? एका गाडीचं नाही हे. जनरल मोटर्सनं २०१७ च्या शेवटी भारतात शेवरोले विकायचं बंद केलं. आपल्या तळेगावचा त्यांचा कारखाना पुढं निर्यातीसाठी चालला, २०२० च्या डिसेंबरात तोही थांबला, नंतर ह्युंदाईनं घेतला. हार्ले-डेव्हिडसननं २०२० च्या सप्टेंबरात हरियाणातला कारखाना बंद करायचं जाहीर केलं, पण निदान हिरोबरोबर करार करून गिऱ्हाइकाची सोय तरी लावली. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. आणि त्याच वेळी हेही सांगितलं की साणंदला निर्यातीसाठी इंजिनं बनवणं चालूच राहील. म्हणजे गुजरातेत इंजिनं बनणार आणि जहाजात बसून बाहेर जाणार.

जाताना या कंपन्यांनी सर्व्हिस मिळेल, सुटे भाग मिळतील असं आश्वासन दिलं. दिलं, हे खरं. पण आश्वासन ही कंपनीची मर्जी. किती वर्षं, किती दिवसांत, कुठल्या भावात, आणि नाही मिळालं तर कुणाच्या दारात जायचं? गावातल्या सोसायटीचं कर्जसुद्धा एवढ्या मोघम कागदावर मिळत नाही.

आपल्या देशात हे कुणाला कळलंच नव्हतं असंही नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ द्यायचे नाहीत, तपासणीची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजला द्यायची नाही. त्यात देशी होत्या, जपानी होत्या, जर्मन होत्या, अमेरिकन होत्या. आयोगानं भाग आणि माहिती बाहेर उपलब्ध करा असा आदेशही दिला. मग अपिलं झाली, प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. अकलूजच्या मिस्त्रीच्या हातात अजून तो अंगठ्याचा फोटोच आहे.

पुढं जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल निघालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. चांगलं केलं. पण पोर्टलवर नाव घालणं कंपनीच्या इच्छेवर, आणि जी कंपनी विक्रीच बंद करून गेली तिला कसली इच्छा असणार?

अमेरिकेत काय आहे बघा. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून ठरवलं की शोरूमला जी दुरुस्तीची माहिती मिळते ती बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. २०१४ मध्ये कंपन्यांनी देशभरासाठी तसा करार केला. तिथला मिस्त्री पैसे भरतो आणि पुस्तक घेतो. आमच्या मिस्त्रीनं काय पाप केलंय?

आणि जुन्या लोकांना आठवत असेल, अमेरिकन गाडीचं इंजिन बांधणं आपल्याला नवीन नाही. विलीज जीप १९४७ पासून मुंबईत जुळवली जाऊ लागली, महिंद्रांनी पुढं ती इथंच बनवली. ती जीप या भागात ऊस, दूध, मतपेट्या, नवरदेव, सगळं वाहून नेत होती. बिघडली तर कुठल्याही तालुक्याच्या गावात पिस्टन मिळायचा, रिंगा मिळायच्या आणि उघडणारा माणूस मिळायचा. इंजिन अमेरिकन होतं, पण कुलूप नव्हतं. तंत्रज्ञान अवघड झालं म्हणून दुरुस्ती बंद पडली, असं जे सांगतात ते अर्धंच सांगतात. लायनर ठोकणं इंजेक्टरला कोड देण्यापेक्षा अवघड आहे, आणि ते आमच्या माणसानं केलं.

आता तुमच्यातले काही जण लिहिणार, "मोठ्या लोकांच्या गाड्या, आपल्याला काय करायचंय?" बाबांनो, मोठ्या लोकांनी या गाड्या केव्हाच विकल्या. ज्यांच्या ताफ्यात त्या फिरायच्या ते आता दुसऱ्या गाडीत बसतात. त्यांच्या जुन्या गाड्या आज ठेकेदाराकडं, द्राक्षबागायतदाराकडं, टूरवाल्या पोराकडं आहेत. हप्ता याच लोकांचा चालू आहे.

आणि गाडी सोडा, ट्रॅक्टरवर या. २०२३ च्या जानेवारीपासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला नवे धुराचे नियम लागले. त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, म्हणजे कॉम्प्युटर आला. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं जॉन डिअरवर खटला भरला. आरोप असा की दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरला दिलं जातं आणि शेतकरी अडतो. कंपनीला तो आरोप मान्य नाही, निकाल लागायचा तो लागेल. पण त्या कंपनीचा कारखाना आपल्या सणसवाडीत आहे आणि त्यांचे ट्रॅक्टर आपल्या बांधावर. नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टर कोडसाठी आठ दिवस उभा राहिला तर भाडं कोण देणार? कारखान्याची तोडणी आल्यावर?

दुसरीकडं सरकारला घाई जुनी गाडी भंगारात घालायची. १५ वर्षांनंतरच्या कारच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची थेट ५ हजार केली. फिटनेस कडक करा, धूर मोजा, माझी काही हरकत नाही. धूर सोडणारी गाडी रस्त्यावर नकोच. पण चांगली दुरुस्त करायचा रस्ता बंद ठेवायचा आणि जुनी झाली म्हणून दंडही घ्यायचा, हे एकाच सरकारला कसं जमतं? मित्राच्या गाडीचा निळा धूर भंगारवाल्यानं नाही, मिस्त्रीनं थांबवला.

आपल्या माढा मतदारसंघाच्या खासदारांना आणि माळशिरसच्या आमदारांना उघड विचारतो, सभागृहात एवढं मांडाल का? विक्री बंद करणाऱ्या कंपनीनं शेवटची गाडी विकल्यापासून ठरावीक वर्षं सुटे भाग दिलेच पाहिजेत, आणि दुरुस्तीचं पुस्तक व सॉफ्टवेअर वाजवी पैशात कुठल्याही गॅरेजला दिलं पाहिजे, असा कायदा. पोर्टल नको, कायदा. ऐच्छिक नको, बंधनकारक.

ज्यांच्याकडं अशी गाडी किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी कमेंटमध्ये मॉडेल, वर्ष, कुठला भाग किती दिवस मिळाला नाही एवढंच लिहा. फोन नंबर आणि गाडीचा नंबर टाकू नका, इनबॉक्समध्ये पाठवा. पावती असेल तर फोटो ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथं तक्रार करून नोंदीचा नंबर घ्या, तो मला द्या. महिनाअखेर यादी टाइप करून एक प्रत दिल्लीला ग्राहक व्यवहार विभागाला आणि दोन प्रती आपल्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात हातानं देणार आहे. पोच मिळाली की इथंच टाकतो. नाही मिळाली तर तेही टाकतो.