खोदण्याआधी कळवा, मग जेसीबी लावा!

सालवड एमआयडीसीत नेट गेलं की मालाची गाडीच गेटवर अडते. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्या कारखान्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, ई-वे बिलही ऑनलाईनच. नेट येईपर्यंत ड्रायव्हर ताटकळतो, भुर्दंड छोट्या मालकाला.

म्हणून काही जण लीज लाईन घेतात. ब्रॉडबँड सगळ्यांत वाटलेलं. लीज लाईन एकट्याची. अपलोड-डाउनलोडला सारखाच वेग, ऑफिसचे फोनही त्यावरच. पैसे मात्र कितीतरी पट. पण जेसीबीला साधी केबल कुठली नि महागडी कुठली, काय कळतं? जोडीला दुसरी लाईन घेतली आणि तीही त्याच चरातून आली, तर दोन्ही एकदम बंद!

खोदणाऱ्याने केबलवाल्यांना आधी कळवावं म्हणून केंद्राने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं. माझं म्हणणं सरळ आहे. पाण्याची पाईप असो की गटार, ॲपवर नोंद दाखवल्याशिवाय एमआयडीसीने आणि ग्रामपंचायतीने ठेकेदाराला रस्त्याला हात लावू देऊ नये. आणि नवीन रस्ता करतानाच कडेला सगळ्या केबलसाठी एक डक्ट टाकावा.

लाईन कंपनीची असेल, रस्ता आपला आहे. बोला मंडळी, पटतंय का?