वांगांवरची डबी आणि नऊ तारखेची तपासणी

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य



गरोदरपणात अनेकींच्या गालांवर, कपाळावर वांग येतात. बाळंतपणानंतर बहुतेकींचे ते आपोआप फिकट होतात. तोवर उन्हापासून चेहरा झाकणं आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन एवढं पुष्कळ असतं. पण तेवढा धीर बाईला कोण धरू देतं? घरातलं कुणीतरी तिच्या चेहऱ्यावरून बोलतं आणि पार्लरमधून किंवा बाजारातून गोरं करणारी एक डबी घरी येते. तिच्यावर उत्पादकाचा पत्ता नसतो, परवाना क्रमांक नसतो, घटकांची यादीही नसते. थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो, मग तीच डबी बहिणीला, जावेलाही दिली जाते.

अशा कितीतरी डब्यांत पारा सापडलेला आहे. त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच तो रोखतो, म्हणून गुण लवकर दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो, मूत्रपिंडात साठतो, वारेतून गर्भाकडे आणि अंगावरच्या दुधातून तान्ह्या बाळाकडे जातो. क्रीम लावलेल्या गालाला बाळ तोंड लावतं, आईच्याच टॉवेलने त्याला पुसलं जातं. क्रीम कधीही न लावलेल्या घरच्या माणसांच्या शरीरातही पारा आढळल्याच्या नोंदी आहेत.

हे आपल्याच राज्यात घडलं आहे. अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशाच क्रीममुळे बिघडल्याच्या बातम्या २०२३च्या सुरुवातीला आल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते क्रीम तपासलं तेव्हा त्यात पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले, त्यांतले १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. त्याच वर्षी केरळच्या औषध नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन सौंदर्य’ या नावाने दुकानांवर छापे घातले.

नियम नाही असं म्हणता येत नाही. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडता इतरांत अनवधानाने आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारातल्या देशांनी तर २०२३मध्ये जिनिव्हात, पारा घातलेली सगळी प्रसाधनं २०२५पर्यंत बंद करायचं ठरवलं. भारत त्या करारात आहे.

मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पाऱ्याने मूत्रपिंड बिघडलं की पायांवर सूज येते, लघवीतून प्रथिनं जातात. गरोदर बाईच्या पायांवर सूज दिसली तर ‘या दिवसांत होतंच’ म्हणून घरचे सोडून देतात. लघवीत प्रथिनं सापडली तर डॉक्टरांचं लक्ष आधी रक्तदाबाकडे जातं, आणि ते योग्यच आहे. पण चेहऱ्याला काय लावतेस, हे तिला विचारलंच गेलं नाही तर खरं कारण डबीतच राहतं आणि ती रोज रात्री ते लावत राहते.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. सार्वजनिक आरोग्य विभागाशी बोलून ‘चेहऱ्याला काय लावतेस?’ हा एक प्रश्न त्या तपासणीत घाला. बाईने दाखवलेली संशयास्पद डबी औषध निरीक्षकापर्यंत पोचेल आणि प्रयोगशाळेत जाईल अशी सोय करा. तिच्यावर मात्र खटल्याची किंवा साक्षीची टांगती तलवार नको, नाहीतर डबी कुणीच दाखवणार नाही. शोध विकणाऱ्याचा आणि बनवणाऱ्याचा घ्या.

पार्लर, आठवडी बाजार आणि ऑनलाइन विक्री इथून नियमित नमुने उचला. पारा निघालेल्या क्रीमची नावं डबीच्या फोटोसह मराठीत जाहीर करा आणि ती यादी आशाताईंच्या मोबाइलवर पाठवा. घरोघरी त्याच जातात, आणि गोरेपणाचं बोलणं जिथे चालतं त्या स्वयंपाकघरात त्यांचं ऐकलंही जातं.

यातलं काय करता येईल आणि कधीपासून, हे आपण जाहीरपणे सांगावं, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक लेखिका