म्हैसूरचा शिधा, अंटार्क्टिकाची वाट

म्हैसूर म्हटले की राजवाडा, रेशीम आणि तुपाने निथळणारा पाक आठवतो. पण याच गावात १९६१ साली सुरू झालेली संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा आहे, आणि तिचे टिकाऊ खाद्यपदार्थ थेट अंटार्क्टिकाला गेले आहेत.

आपले ‘मैत्री’ केंद्र १९८९ पासून तिथल्या शिर्माकर ओॲसिसमध्ये उभे आहे. नाव ओॲसिस, पण हे थंड वाळवंटच! सुमारे ३५ चौरस किलोमीटर उघडा खडक आणि शंभरावर तळी. उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाच्या ओलीवर शेवाळ आणि दगडफूल जगते. होय, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचीच भावंडे. तळ्यांच्या गाळात हजारो वर्षांच्या हवामानाच्या खुणा साठल्या आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करतात.

पंचाईत एकच. एवढ्या थंड, कोरड्या हवेत काही लवकर कुजत नाही. पुलाव पोटात गेला, पण त्याच्या पाकिटाचे काय? १९९१ साली माद्रिदला झालेल्या करारानुसार प्लास्टिक तिथे टाकून येता येत नाही. ते परत आणायचे. म्हणून वेष्टण जितके हलके, तितका जहाजावरचा परतीचा बोजा कमी.