विश्लेषण : हाडांची नावे पाठ झाली, पण बोट नेमके कुठे ठेवायचे?

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात, हे शाळेत प्रत्येकाने पाठ केलेले असते. त्यातली १०६ हाडे, म्हणजे निम्म्याहून अधिक, दोन्ही हातांच्या पंजांत (मनगट धरून) आणि दोन्ही पावलांत असतात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. स्नायूंची संख्या सहाशेच्या वर जाते. एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा अभ्यासक्रमांचे विद्यार्थी पहिल्या वर्षी ही नावे रात्री जागून घोकतात. घोकलेले नाव जिवंत माणसाच्या त्वचेखाली बोटाला सापडते का, ही रुग्णाच्या दृष्टीने खरी परीक्षा. नेमके तिलाच आपल्याकडे कमी महत्त्व मिळते.

शरीरावरील खुणा म्हणजे काय?

त्वचेवरून हाताला लागणारी हाडांची टोके, कडा आणि उंचवटे, तसेच ताणल्यावर उठून दिसणारे स्नायू म्हणजे या खुणा. आत न डोकावता आतला नकाशा त्यांच्यावरून कळतो. गळ्याखालच्या खळगीतून बोट छातीच्या हाडावरून सावकाश खाली आणले की एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. पहिली बरगडी गळ्याच्या हाडामागे दडलेली असल्याने डॉक्टर बरगड्या इथून मोजतात. ईसीजी काढताना छातीवरची पहिली दोन टोके चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेत, छातीच्या हाडाच्या दोन्ही कडांना लावायची असतात. ती वर सरकली तर निरोगी माणसाच्या आलेखातही दोष दिसू शकतो.

कमरेवर हात ठेवून उभे राहिले की हाताखाली खुब्याच्या हाडाची वरची कड येते. दोन्ही कडा जोडणारी रेषा साधारणपणे कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. प्रौढांमध्ये मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. म्हणून पाठीत भूल देताना किंवा पाठीतले पाणी तपासायला घेताना सुई या रेषेच्या आसपास टोचतात. हे अंतर बोटांना कळले, तरच ती सुई सुरक्षित.

खूण चुकली तर काय होते?

नितंबात दिलेले इंजेक्शन हे सर्वांत ओळखीचे उदाहरण. शरीरातली सर्वांत जाड नस तिथूनच मांडीत उतरते. वरच्या बाहेरच्या चतुर्थांशाऐवजी सुई मध्याकडे किंवा खाली गेली, तर या नसेला इजा होऊन पाऊल लुळे पडू शकते. लहान मुलांचा धोका अधिक, कारण त्यांच्या नितंबाचा स्नायू पुरेसा वाढलेला नसतो. म्हणूनच तान्ह्या बाळांच्या स्नायूत द्यायच्या लसी मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, मधल्या टप्प्यात देतात. तिथे स्नायू भरीव असतो आणि वाटेत मोठी नस किंवा रक्तवाहिनी येत नाही.

दंडातल्या इंजेक्शनचेही तसेच. खांद्याचे हाडाळ टोक चाचपून त्याच्या दोन-तीन बोटे खाली, स्नायूच्या जाड भागात सुई जायला हवी. ती फार वर गेली तर सांध्याजवळच्या भागाला इजा होऊन खांदा अनेक महिने दुखत राहू शकतो.

शिक्षणात अडते कुठे?

१९९७च्या नियमावलीने एमबीबीएसचा पहिला टप्पा दीड वर्षावरून एका वर्षावर आणला. नावे तेवढीच राहिली, वेळ आटला. २०१९पासून आलेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात शरीरावरील खुणांना जागा आहे, ही चांगली गोष्ट. पण कागदावरची जागा आणि तासिकेतला वेळ यांत फरक असतो. गर्दीच्या वर्गात विद्यार्थी मोजक्या खुणा पाठ करतात, परीक्षकासमोर खडूने रेघ ओढतात आणि सुटतात.

मोबाइलवरील त्रिमिती चित्रांनी मोठी सोय केली, हे मान्य. पण पडद्यावरच्या देहाला चरबी नसते, तो घाबरून स्नायू आखडत नाही आणि सगळ्यांचा सारखाच असतो. प्रत्यक्षात मनगटावर उठून दिसणारा एक बारीक स्नायुबंध काही लोकांत मुळीच नसतो. स्थूल माणसात बरगडी सहज लागत नाही. शवविच्छेदनाला पर्याय नाही, पण निश्चल देहात हालचाल दिसत नाही. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. सुश्रुतसंहितेने मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून थरांनी पाहण्याची रीत सांगितली आणि शास्त्राच्या वाचनाला प्रत्यक्ष पाहण्याची जोड आवश्यक मानली.

मग शिकावे कसे?

आधी हाड चाचपावे, मग स्नायूला काम लावावे, नाव शेवटी घ्यावे. तळहात वर करून कोपर वाकवताना दुसऱ्याने विरोध केला की दंडाची बेडकी टणक होते. चेहरा उजवीकडे वळवला की मानेच्या डाव्या बाजूचा तिरका स्नायू ताठ होतो, तो का, हा प्रश्न विचारला की स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो, हे आपोआप लक्षात राहते. सहाध्यायाच्या संमतीने, मुलामुलींचा संकोच जपून, वेगवेगळ्या बांध्याच्या किमान काही व्यक्तींवर हा सराव व्हायला हवा.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याकडे इथे एक ठेव असते. नडगी, पोटरी, घोटा, माकडहाड, गुडघ्याची वाटी, खांद्याचे पाते हे शब्द त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. त्याला थेट ‘टिबिया’ घोकायला लावण्यापेक्षा नडगीवर हात ठेवून ‘हाच टिबिया’ म्हटले, तर परका शब्द ओळखीचा होतो.

सर्वसामान्यांचा संबंध काय?

हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब देताना हात छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर हवेत. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढांत खोली पाच ते सहा सेंटिमीटर. हात खाली पोटाकडे घसरले तर यकृताला इजा होऊ शकते. शेजारी कोसळला तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. जिम प्रशिक्षकालाही गुडघा आणि कंबर कुठून वाकते, हे चाचपून ठाऊक असायला हवे.

म्हणून मागणी साधी आहे. सुई टोचण्याचा किंवा अंगाला हात लावण्याचा अधिकार देणाऱ्या प्रत्येक परीक्षेत, मग ती डॉक्टरची असो वा नर्सची, जिवंत माणसावर पाच खुणा अचूक शोधून दाखवल्याशिवाय विद्यार्थी उत्तीर्ण होऊ नये. लेखी गुण कितीही असोत, इथे सूट नको. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. प्रत्येक वर्गात जिवंत शरीरे आधीच बसलेली असतात. लागतो तो वेळापत्रकातला एक तास आणि शिक्षकाचा आग्रह.