डिझेल गोठते, भाडे मात्र ड्रायव्हरचे कापले जाते

राळेगणसिद्धी म्हटले की लोकांना नालाबांध आणि पाणलोट आठवतो. आम्हा कापडवाल्यांना त्या गावावरून ट्रक आठवतो. अण्णा हजारे फौजेत ट्रक चालवीत असत. १९६५ च्या लढाईत ते खेमकरणच्या सीमेवर होते आणि १९७५ साली फौज सोडून गावी परतले. त्याच पारनेर तालुक्यातले ड्रायव्हर आजही आमच्या गाठी घेऊन मुलुखभर फिरतात.

राळेगणच्या शिवारात डिसेंबरची थंडी कितीही पडली तरी गाडी पहाटे सेल्फला थोडी कुरकुरते, एवढेच. डिझेल गोठणे हा प्रकार तिथल्या ड्रायव्हरला कळतो तो काश्मीरच्या वाटेवर.

काही वर्षांपूर्वी आमचा माल श्रीनगरला निघाला होता. ड्रायव्हर राळेगणच्या बाजूचा, नेक माणूस. बनिहालच्या अलीकडे रात्री गाडी उभी राहिली ती सकाळी सुरूच होईना. त्याचा फोन आला तेव्हा आम्ही त्यालाच फैलावर घेतले. माल दोन दिवस उशिरा पोहोचला, म्हणून ठरल्याप्रमाणे भाड्यातून रक्कम कापली. पुढे क्लिनरकडून कळले की त्या सकाळी चिंध्या पेटवून टाकीखाली धरल्या होत्या. वर ताडपत्रीखाली कापडाच्या गाठी! आमच्या दोन दिवसांसाठी त्या माणसाने जीव धोक्यात घातला आणि आम्ही त्याचे पैसे कापले. ती गफलत आमची होती.

आता कारण पाहू. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडी वाढली की त्याचे बारीक कण बनतात आणि प्रथम फिल्टर चोंदतो. टाकीत डिझेल अजून पातळ दिसते, पण इंजिनाला ते पोहोचत नाही. आणखी थंडीत सगळेच दाट होते. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे डिझेल फिल्टरमधून जाईल याची हमी हिवाळ्यात ६ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत असते. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांवर गेला होता. म्हणजे नगरच्या पंपावर टाकी भरून निघालेली गाडी तिथे थांबली, तर त्यात ड्रायव्हरचा आळस कुठे आला? लडाखसाठी तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपतच्या कारखान्याचे वेगळे हिवाळी डिझेल आणले, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते.

ड्रायव्हर लोकांचा जुना इलाज म्हणजे डिझेलमध्ये रॉकेल. मेण जमणे त्याने लांबते, हे खरे. पण रॉकेलला डिझेलइतका स्निग्धपणा नाही, पंप घासला जातो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर धूर साफ करणारी महागडी यंत्रणाच निकामी होऊ शकते. शिवाय ही सरळ मिलावट आहे आणि कायद्याने गुन्हा आहे. मिलावटीबद्दल आपल्या दीनची शिकवण वाचकांना आम्ही काय सांगावी? रेशनचे स्वस्त रॉकेल गरिबाच्या चुलीऐवजी डिझेलमध्ये जात असे, ते याच धंद्यातून. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला इंधनातल्या भेसळीचा प्रकार पकडताना जिवंत जाळण्यात आले. त्या मालेगावशी आम्हा कापडवाल्यांचा रोजचा व्यवहार आहे.

मग करावे काय? उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीने इकडचे डिझेल बेतानेच न्यावे, वाटेत संपवावे आणि थंड मुलखात शिरताना तिथल्याच पंपावर टाकी पूर्ण भरावी. रिकाम्या टाकीत दव जमून पाणी होते, त्याचा बर्फ नळीत अडकतो. निघण्यापूर्वी फिल्टर नवा घालावा आणि खालचे पाणी काढावे. मेण जमू न देणारे औषध बाजारात मिळते, पण ते गोठण्याआधी घालायचे. गोठल्यावर ओतून पैसे वाया. रात्री गाडी भिंतीच्या आडोशाला लावावी. एवढे करूनही अडलीच, तर फिल्टर बदलावा, त्यावर गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळावी आणि ऊन वर येण्याची वाट पाहावी. आग मुळीच नको. नव्या गाड्यांतले युरियाचे पाणीही उणे ११ अंशांना गोठते. गाडी गरम झाली की ते आपोआप वितळते, त्याला हात लावू नये.

या सगळ्याला वेळ लागतो आणि थोडा खर्च येतो. तो वेळ ड्रायव्हरला कोण देणार? ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, व्यापाऱ्याला घाई आहे. खोटे नाही ते! घाई आमचीच असते. गिऱ्हाईकाला तारीख देताना आम्ही थंडीचा हिशेब धरत नाही आणि मग तो हिशेब भाड्यातून वसूल करतो.

आम्ही आता डिसेंबर ते फेब्रुवारी काश्मीरच्या मालाच्या बिल्टीवर दोन दिवस जादा लिहून देतो आणि फिल्टर, औषधाचा खर्च भाड्याबाहेर वेगळा धरतो. कापड बाजारातले एक-दोन दोस्त हसले. त्यांच्याही गाड्या त्याच रस्त्याने जातात. त्या ड्रायव्हरची कापलेली रक्कम पुढच्या ईदला आम्ही त्याच्या घरी नेऊन दिली. त्याने ती घेतली, पण आमचा माल मात्र त्यानंतर पुन्हा भरला नाही.